साहेबांना ‘नाही’ लिहिताना

नांदेडहून इंजिनिअर होऊन आलो आणि नोकरी लागेपर्यंत म्हणून हिंगोलीत मित्राच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवू लागलो. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. यंत्रं जुनी, त्यांना एकमेकांशी जोडणारी नेटवर्क कार्डं बाजारात मिळतील तेवढी स्वस्त, आणि सगळ्यांवर लिनक्स, कारण ते फुकट मिळायचं.

लाइट जाऊन इन्व्हर्टर सुरू होताना एक झटका बसायचा. कॉम्प्युटर तो सोसायचे, पण नेटवर्क कार्डं गप्प व्हायची. मग सगळे कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करा. दिवसातून कितीदा तरी.

प्रत्येक कार्डाशी बोलणारा एक छोटा प्रोग्राम कॉम्प्युटरच्या गाभ्यात, कर्नेलमध्ये असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. लिनक्समध्ये तो कुणालाही उघडून वाचता येतो, ही गोष्ट मला तेव्हा चमत्कारासारखी वाटायची. वाचत वाचत मी त्यात दुरुस्ती केली: कार्ड गप्प झालं की ड्रायव्हरनंच ते पुन्हा सुरू करायचं, क्षणभर थांबायचं आणि मग कामाला लावायचं. क्लासमधली सगळी कार्डं सुधारली. ही दुरुस्ती मूळ कर्नेलमध्ये गेली तर जगात कुठंही, कुणाचंही असलं कार्ड आपोआप चालणार होतं. तो ड्रायव्हर सांभाळणारे गृहस्थ परदेशात होते. शाळेत शिकवलेल्या रजेच्या अर्जाच्या इंग्रजीत, ‘रिस्पेक्टेड सर’पासून सुरू करून, मी त्यांना ती पाठवली.

उत्तर आलं ते वाचून मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. माझ्या ओळींखाली त्यांनी एकेक शेरा लिहिला होता. इथं जागा चुकली. हे नाव काही सांगत नाही. ही तपासणी आधीच झालेली आहे. कॉलेजात आमचे प्रोग्राम कुणी वाचत नसे, जर्नलची पानं भरली की सही मिळे. इथं एक अनोळखी माणूस माझं लिहिलेलं अक्षर न् अक्षर वाचत होता.

फक्त शेवटचा शेरा अडला. ‘क्षणभर थांबण्याची ओळ काढा. पुस्तकाप्रमाणे कार्डावरची चिप लगेच तयार होते.’

ती ओळ काढली की आमचं कार्ड कधी उठायचं, कधी नाही.

“‘येस सर’ लिही आन् मोकळा हो,” मित्र म्हणाला. “एवढा मोठा माणूस. तुझं नाव लागन कर्नेलमधी.”

“आन् कार्ड?”

“आपल्यापुरती ती ओळ ठेवू ना आपण. दुनियेचं तुला काय पडलं, इंजिनियर साहेब?”

आमच्या घरात मोठ्या माणसाला उलट बोलायची रीत नव्हती. मी ‘येस सर’ लिहिलंही. पण मेल जायच्या आत फोनची लाइन तुटली आणि ते उत्तर तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी वडिलांबरोबर बाळापूरच्या बाजारात गेलो. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. एक गोऱ्हा विकायचा होता. पांढऱ्या मिशांचा एक गिऱ्हाईक गोऱ्ह्याभोवती फिरून फिरून खोट काढत होता.

“मागच्या पायानं लंगडते.”

“पाय बराबर हाय, मामा. चालवून दावतो,” म्हणत दादांनी गोऱ्हा लांबवर नेऊन आणला.

“शिंग एक खाली हाय.”

“ते हाय. ते खरं हाय.”

“भित्रं बी दिसते.”

“तुमच्या मिशाला भेलं असन.”

आजूबाजूचे हसले. तो माणूसही हसला आणि पुन्हा खूर बघायला वाकला. मी दादांच्या कानाशी लागलो, “दादा, ह्यांना घ्यायचाच न्हाई वाटते. नुसतं नावं ठेवून राहिले.”

“ज्याला घ्यायचा न्हाई, त्यो शेपटीला हात लावून फुडं जाते. ह्यो उन्हात थांबून राहिला ते काहून?”

“पण तुमी त्यांला न्हाई म्हणले. वडील माणूस.”

“मग धड पायाला लंगडा म्हणू? त्यो म्हणन, ह्याचं जित्राब ह्यालाच म्हाईत न्हाई.”

गोऱ्हा त्याच माणसाला गेला. सोमवारी क्लासमध्ये बसून मी पहिलं उत्तर पुसलं. जागा, नाव, तपासणी यांचे शेरे मान्य केले. शेवटच्या शेऱ्याखाली लिहिलं, ‘ही ओळ मी काढू शकत नाही.’ ती ओळ ठेवून काय होतं, काढून काय होतं, तेही खाली लिहिलं. एवढी साधी इंग्रजी वाक्यं लिहायला मला कधी इतका घाम आला नव्हता.

उत्तर येईपर्यंत मित्र रोज विचारायचा, “कापलं का साहेबांनी तुझं नाव?”

उत्तर चारच ओळींचं होतं. ‘तुमचं बरोबर आहे. माझ्याकडचं पुस्तक तुमच्या कार्डाचं नाही. पण आंधळेपणानं थांबू नका. तयार झालास का, असं कार्डाला पुन्हा पुन्हा विचारा, आणि किती वेळ विचारायचं त्याला मर्यादा घाला.’ हे माझ्या उपायाहून चांगलं होतं. मी तसं केलं आणि दुरुस्ती कर्नेलमध्ये गेली. नवा कर्नेल क्लासमध्ये टाकला तेव्हा मित्रानं स्वतः मेन स्विच खालीवर केला, आणि एकही कार्ड गप्प झालं नाही म्हणून पोरांनी टाळ्या पिटल्या.

घरी दादांना सांगितलं. ते म्हणाले, “मंग, केवढ्याला गेलं?”

“फुकट दिलं, दादा.”

“फुकट?” दादा आईकडे बघून म्हणाले, “ऐकलं का? फुकटच्या मालाला एवढी घासाघीस करून राहिले हे लोक!” आणि हसता हसता त्यांना ठसका लागला.

पुढं एकदा त्या गृहस्थांचा मेल आला. त्याच ड्रायव्हरमध्ये दुसऱ्या कुणीतरी बदल सुचवला होता, आणि तो मी तपासावा असं त्यांनी लिहिलं होतं. सकाळची बॅच मित्रावर सोपवून मी वाचायला बसलो. बदल चांगला होता. एकाच ठिकाणी, काम फसलं तर घेतलेली मेमरी परत द्यायची राहिली होती. आधी मी चांगलं काय ते लिहिलं, मग ही चूक लिहिली. आणि शेवटी लिहिलं, ‘माझ्याकडच्या कार्डावर असं दिसतं. तुमच्याकडं वेगळं असेल तर तसं सांगा.’