संघ हाय तवर

माझी बायको वैजयंती कॉलेजच्या पोरींना कबड्डी शिकवते. तिच्यापायी माझ्या पिकअपला टोमॅटोच्या कॅरेटपेक्षा पोरींचीच सवय जास्त. मी भरत, बोरी बुद्रुकचा. तोंडाचा फटकळ हाय, ते सगळ्यांना ठाऊक हाय.

या पोरी काय आयत्या मिळाल्या न्हाईत राव. घरोघर चहा पिऊन पिऊन वैजयंतीनं पित्त वाढवून घेतलं, तेव्हा कुठं आठ पोरी जमल्या. राजुरीच्या सावळारामभाऊंनी तर पोरीचं, वृषालीचं, बारावी झाल्या झाल्या लग्न करायचं ठरवलं व्हतं. वैजयंती त्यांच्या ओट्यावर हटून बसली. शेवटी भाऊ म्हणले, "ठीक हाय बाई. तुमचा संघ हाय तवर पोरगी कॉलेजात. संघ मोडला की मांडव." वृषाली दाराआडून ऐकत व्हती. त्या दिवसापासनं ती पकडीला अशी घुसायची की समोरच्या पोरी कळवळायच्या.

औंदा पोरी जिल्ह्यात जिंकल्या. वैजयंतीनं फाट्यावर फ्लेक्स लावला. सगळ्यात मोठा फोटो चढाईवाल्या प्रतीक्षाचा आणि खाली तिच्या बापाचा मोबाईल नंबर. आपल्याकडं नंबर न्हाई तर तो फ्लेक्स कसला! हिला वाटलं, एखादा दुकानदार वाचंल, फोन करंल, पोरींना बूट तरी देईल.

फोन आला, आणि बुटांचाच आला. शहरातल्या एका बड्या कॉलेजातनं. फी माफ, हॉस्टेल फुकट, वर बुटांच्या कंपनीची जाहिरात केली की दरमहा पैसे. प्रतीक्षाचा बाप जानकू गवंडी. जन्मभर लोकांचे स्लॅब टाकले आणि सवता ऱ्हायला पत्र्याखाली. त्याला कुठल्या तोंडानं नको म्हणायचं? प्रतीक्षा रडतच आली, "मॅडम, तुमी म्हणाल तसं करते." वैजयंती म्हणली, "जा बाळा." मग मोरीत जाऊन नळ सोडून रडली.

प्रतीक्षा मनाची लई चांगली. एकटी येणार न्हाई, माझ्या मैतरणीपण घ्या, म्हणून तिकडं अडून बसली. त्यांनी चढाईच्या आणखी दोघी घेतल्या. पकडीच्या पोरी त्यांच्याकडं ढीगभर व्हत्या, म्हणून वृषाली ऱ्हायली. पोरीच्या चांगुलपणानंच आमचा घात केला, आता बोला!

पाच उरल्या. सात पायजेत, न्हाईतर स्पर्धेत नावच देता येत न्हाई. आमी गावं पालथी घातली. निरगुडसरला एका उंचपुऱ्या पोरीच्या बापानं चहाच्या आधीच इचारलं, "आमच्या पोरीला काय देणार? ती फ्लेक्सवरची म्हणं महिन्याला पैसे घेती." माझं टाळकंच सरकलं. म्हणलं, "पावणं, शर्यतीचा बैल इकताय का पोरगी शिकवताय?" वैजयंतीनं मला ओढत गाडीत कोंबलं. खरं सांगू, त्या बापाचं तरी काय चुकलं? पण हिच्याकडं द्यायला नुसती कबड्डी व्हती, आणि नुसती कबड्डी आता कुणाला नको व्हती.

भाऊंच्या कानावर गेलंच. फोन आला, "बाई, संघ हाय का मोडला?"

जन्मात खोटं न बोललेली माझी बायको म्हणली, "हाय की! पुरा हाय."

"मग उद्या येतो बघायला."

फोन ठेवून ती भिंतीला टेकून खालीच बसली. "अहो, काय करू हो मी? त्या पोरीला मी शब्द दिलाय."

दुसऱ्या दिवशी मैदानात पाच पोरी, ओढणी कमरेला खोचून सहावी वैजयंती, आणि सातवा मी. हसा! मिशीवाला बाप्या पोरींच्या संघात! लांबून सात दिसले पायजेत, एवढीच अक्कल आमची चालली. निम्मे इकडं, निम्मे तिकडं उभे ऱ्हायलो.

भाऊ आले तेव्हा वृषाली नेमकी आमच्या बाजूला चढाईला आली व्हती. त्यांनी सगळ्यांकडं एकदा बघितलं. चिडले न्हाईत. चिडले असते तर मी भांडलो तरी असतो. हळूच म्हणले, "बाई, लई केलंत तुमी. वृषे, चल घरी."

वृषाली थांबली न्हाई. "कबड्डी कबड्डी कबड्डी" म्हणत आमच्यात फिरत ऱ्हायली. ती कुणाला शिवंना, आमी कुणी तिला धरंना. दम हाय तवर चढाई, तवर तिला कोण बाहेर काढणार? भाऊ तिच्या चपला हातात घेऊन रेषेबाहेर उभे. पोरीचं तोंड लालबुंद झालं, आवाज चिरकला, डोळ्यांतनं पाणी गळायला लागलं, तरी "कबड्डी कबड्डी" चालूच.

"दम सोडू नको वृषे!" वैजयंती ओरडली. "सोडू नको गं!"

मग तिचा दम संपला.