उजेडाचा वरंबा

सांगवीच्या गेणूतात्यांची मुलगी रोहिणी अकरावी-बारावीला बारामतीत माझ्याकडे राहायला होती. पुढे पुण्याला इलेक्ट्रॉनिक्स शिकली आणि तिथेच, चिपचे आराखडे करणाऱ्या एका कंपनीत लागली. तरी गावी जाताना माझ्याकडे चहा घेतल्याशिवाय सांगवीची एसटी धरायची नाही. १९९९च्या जानेवारीत मात्र आली ती तोंड पाडूनच.

"काकू, प्रोबेशन एप्रिलात संपतंय. मला कायम करतील असं वाटत नाही."

"का गं?"

"साहेबांच्या आराखड्यात चूक काढली."

तिचं काम तपासणीचं. चिपमधल्या तारा केसाहून कितीतरी बारीक, त्या हाताने बसवता येत नाहीत. काचेवर नक्षी कोरायची, तिच्यातून उजेड सोडायचा, मग ती सिलिकॉनच्या चकतीवर छापली जाते. काचेवर चूक राहिली की प्रत्येक चिपवर तीच चूक, म्हणून आधी संगणकावर तपासायचं. तिचे साहेब अजित सर म्हणत, दोन तारांमधलं अंतर नियमात आहे, आराखडा पास. रोहिणी म्हणे, अंतर चित्रात आहे, पण उजेड कडेला पसरतो. एका वळणापाशी तारा छापताना चिकटणार. उजेडाचं गणितही तिने मांडून दाखवलं होतं.

"तुझ्या गणितात चिकटतात," सर म्हणाले होते, "कारखान्यात चिकटतील कशावरून?"

दुसऱ्या दिवशी मीही तिच्याबरोबर सांगवीला गेले. गेणूतात्या वांग्याला पाटाचं पाणी देत होते. रोहिणीने बांधावरूनच सगळं सांगितलं.

"उजेड काय पानी हाय का कडंनं पाझरायला?" खोरं टेकवून तात्या म्हणाले.

"व्हय तात्या, पाझरतो. तुमी वळणावर वरंबा जाड का घालता?"

"न्हाय घातला तर फुटंल की! ह्या सरीचं पानी त्या सरीत."

"तेच मी सायबाला सांगतीया."

"आन् त्यो ऐकत न्हाय? धाड त्याला हितं, पान्याची दारं धरायला!"

"सायबाला चिखलात उतरवा," वांगी तोडता तोडता कामाला आलेली रंगूबाई म्हणाली, "म्हंजी पोरीची नोकरी पक्की!"

त्या दिवसात रोहिणी पहिल्यांदा हसली. पाटाकडेच्या दोन सऱ्यांत तात्यांनी वांग्याचं जुनं आणि नवं वाण शेजारी-शेजारी लावलं होतं. नवं आलं की त्यांची हीच रीत, वाद घालायचा नाही, लावून बघायचं. रोहिणी त्या सऱ्यांकडे बघत राहिली.

सोमवारी ती सरांना म्हणाली, "चाचणीच्या चकतीवर दोन्ही आकृत्या शेजारी छापू या. तुमची आणि माझी, वळणावर अंतर वाढवलेली."

"छापू. पण तुझी शंका खोटी निघाली, तर मला तुझी बाजू घेता येणार नाही."

"चालेल, सर."

चकती परदेशातल्या कारखान्यात छापून यायची होती. ती येईपर्यंत तिने फोन केला नाही, मीही केला नाही. एप्रिलमध्ये दुपारी फोन वाजला.

"काकू, चिकटली!"

"अगं, काय चिकटलं?"

"सरांची तार! अगदी वळणावरच! माझी मोकळी आहे, स्वच्छ मोकळी!"

सरांनी सगळ्यांना बोलावून सूक्ष्मदर्शकातला फोटो टेबलावर ठेवला होता. म्हणाले, "यापुढे प्रत्येक आराखड्याला ही उजेडाची तपासणी होणार. कशी करायची ते रोहिणी शिकवेल. आणि हो, ती आजपासून कायम."

फोटोची एक प्रत तिने घरी आणली. गेणूतात्यांनी ती डेअरीत, सोसायटीत, पिठाच्या गिरणीत, सगळीकडे नेली. मी गेले तेव्हा एसटी थांब्यावरही भोवती माणसं जमवून ते बोट ठेवून सांगत होते, "ही फुटल्याली सरी सायबाची. आन् ही शाबूत हाय ना, ती आमच्या रोहिणीची!"