वाघाच्या शिवारातली गाणी

पैनगंगेचा पूल ओलांडला आणि बसमधला शेजारी सहज म्हणाला, "तलमडुगूकडं पुली (वाघ) फिरून राह्यला, संबाळून जा." मी मावशीकडे चार दिवस निवांत राहायला निघालो होतो. निवांतपणा तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी ज्वारीची भाकर आणि ठेचा खाऊन मावशी, तिची सून सुषमा आणि मी कापूस वेचायला गेलो. पऱ्हाटी (कपाशी) छातीएवढी, मधे तुरीच्या दाट ओळी. चार हातांपलीकडचं दिसेना. भीती लपवायला मी उगाच बडबडत होतो.

मावशीने छोटा स्पीकर बाभळीला टांगला. त्यातल्या कार्डात मोबाइलच्या दुकानातून भरून आणलेली भीमगीतं, तिच्या तरुणपणची. सुषमाची गाणी फोनवर, महिन्याला पैसे भरून घेतलेली. "आत्याबाईचं रोज तेच ते," असं हळूच सांगून ती तुरीआड गेली.

तासाभरात माझं डोकं उठलं. मी गुपचूप स्पीकर बंद केला.

दोन मिनिटांत चहूकडून माणसं धावत आली. हातात काठ्या, विळे. मावशीचा चेहरा पांढराफटक.

"गाणं काऊन थांबलं?" शेजारच्या वावरातले शंकरमामा धापा टाकत होते. वाघ दूर राहावा म्हणून इथे प्रत्येक वावरात काहीतरी वाजत ठेवतात. आवाज थांबला, की काहीतरी घडलं असं समजून सगळे धावतात.

"मीच बंद केलं," मी म्हणालो. धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

मावशीचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. तिने सुषमाला हाक मारली. ओ नाही. मग सगळ्यांनी मारली. तूर हललीसुद्धा नाही. माझ्या आवडीनिवडीपायी कुणाची तरी पोर गेली, एवढंच डोक्यात घुमत होतं.

शंकरमामा काठी आपटत तुरीत शिरले, मागे आम्ही. सुषमा पाठमोरी उभी राहून कापूस वेचत होती. दोन्ही कानांत इअरफोन.

"काय झालं आत्याबाई?" तिने विचारलं. मावशी मटकन खाली बसली आणि रडायला लागली.

परतताना मला बसवर सोडायला आलेली मावशी आधी मोबाइलच्या दुकानात शिरली. कार्ड आणि सुषमाने लिहिलेली यादी पुढे केली. "हे भर. माही जुनी काढली तरी चालते."

"तुला आवडतात ही गाणी?" मी विचारलं.

"नाई रे बाप्पा, डोकं दुखते. पण तिचं गाणं झाडावर वाजलं, त तिचे कान मोकळे राह्यतीन."

पुण्यात घरी आलो. मुलगी कान बंद करून बसली होती. खांद्याला हात लावून मी आयुष्यात पहिल्यांदाच तिला विचारलं, तू काय ऐकतेस? तिने घाईने इअरफोन काढले आणि घाबरून म्हणाली, "बाबा, काय झालंय?"