बोलपटाचं हँडल

मूकपटाचं मशीन ज्यानं माझ्या गळ्यात मारलं, त्याला मी अजून माफ केलेलं नाही. दोन दिवस घासाघीस करून मी त्याला निम्म्यावर आणलं होतं. तो इतक्या लवकर का नमला, ते पुढे कळलं. बोलपट येऊ घातले होते आणि त्याला ते आधीच ठाऊक होतं.

जानेफळ, मेहकर, पिंपळगाव राजा असा मी तंबू घेऊन फिरायचो. हातानं मशीनचं हँडल फिरवायचं आणि तोंडानं गोष्ट सांगायची. मारामारी आली की हात भरभर, रडारड आली की सावकाश. आभाळ भरून आलं की सगळंच भरभर. पण मग लोक विचारू लागले, "चित्रातली बाई बोलत काऊन नाही?" तंबू अर्धा रिकामा राहू लागला.

मशीन ठेवायचं की भंगारात घालायचं, हे ठरवायलाच मी खामगावच्या प्रदर्शनाला गेलो. तिथे सिनेमा कसा बनतो ते दाखवणारं एक दालन होतं. काचेच्या पेटीत फिल्मचे जोडलेले तुकडे, भिंतीशी लाकडी कॅमेरा आणि त्याच्या शेजारी हुबेहूब माझंच मशीन! खाली पाटी: 'जुन्या काळातील यंत्र'.

माझं डोकं फिरलं. "जुनं कसं काय हो? माह्याकडं हेच चालू आहे!"

दालन सांभाळणारा म्हातारा कारागीर पुण्याकडचा होता. शांतपणे म्हणाला, "बोलपटाला एकसारखा वेग लागतो. मोटर लागते. हाताचं काम नाही ते."

"माह्या हातावर भरोसा नाही तुमचा?"

त्यानं वाद घातला नाही. शेजारच्या बोलक्या मशीनच्या मोटरचा पट्टा काढला, हँडल बसवलं आणि बाजूला झाला. "फिरवा."

गर्दी जमली. पडद्यावर बाई गात होती. दोन ओळी ठीक गेल्या. मग तिचा नवरा धावत आला आणि सवयीनं माझा हात भरभर फिरू लागला. बाई चिमणीसारखी चिवचिवली. हात आवरला, तर रेड्यासारखी हंबरली.

"अबे, बाईले मिशा फुटल्या!" मागून एक शेतकरी ओरडला. सगळं दालन हसलं. मी बाह्या सरसावून वळलो, तर कारागीरच डोळे पुसत हसत होता.

"आवाज फिल्मच्या कडेलाच छापलेला असतो, वेग बदलला की सूर बदलतो, हे तीन दिवस सांगून माझा घसा बसला. कुणाला पटेना. तुम्ही घटकेत पटवलंत. रोज येऊन फिरवाल का? मजुरी देतो."

सौद्याची गोष्ट निघाली की माझा राग आपोआप उतरतो. "मजुरी नको. माह्या मशीनले आवाज बसते का, ते सांगा."

"बसतो. आवाजाचा भाग वेगळा मिळतो, वर मोटर. शिकवीन. पण आठ दिवस यावं लागेल."

"सहा."

"दहा," तो म्हणाला.

माणूस तयारीचा होता. मी मुकाट आठ कबूल केले.

दुपारी गर्दी ओसरल्यावर त्यानं बोलकं मशीन उघडलं, स्क्रू फिरवायचा पेचकस माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "हळू. इथे घाई नाही चालत."

मी कधी नव्हे ते ऐकलं.