कुंदाताईंची खडीसाखर

ज्याने लिहिलेलं संगणकाचं कोड तपासायचं असेल, त्याच्या तोंडात कुंदाताई आधी खडीसाखरेचा खडा कोंबायच्या. "चघळ. दुसरा वाचेल. लिहिणाऱ्याने बोलायचं नाही." माझ्यावर पहिल्यांदा ही वेळ आली, तेव्हा मी चाटच पडलो.

अरेरा कॉलनीत आमचं छोटंसं ऑफिस. नवजात बाळांना ऊब देणारी यंत्रं आम्ही बनवतो. यंत्रातला तापमापक आणि कर्नल, म्हणजे संगणकाचा गाभा, यांच्यात दुभाष्याचं काम करणारा 'ड्रायव्हर' हा प्रोग्राम मी लिहिला होता. कुंदाताई मूळच्या नागपूरकडच्या, पण इथल्याच अयोध्या नगरहून स्कूटरवर यायच्या, सगळ्यांत ज्येष्ठ. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. तापमापकाचं उत्तर येईपर्यंत थांबायचं, असं मी तिथे लिहिलं होतं.

"किती वेळ थांबून राहशील बापा? तार तुटली अन् उत्तर आलंच नाही, मग? सगळं यंत्र अडकून बसेल. भोंगासुद्धा वाजणार नाही!"

मी तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "चूप! बाळांच्या वॉर्डात कोड समजवायला तू जाशील का?" अन् लाल पेनाने 'नामंजूर'. असा संताप आला होता! दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच पोह्यांचा डबा पुढे केला. "कोड नामंजूर झालंय, तू नाही. खा चुपचाप."

पंधरा वर्षं त्या असंच तपासत आल्या. मागच्या महिन्यात त्यांनी स्वतःचा नवा ड्रायव्हर तपासायला ठेवला. शुक्रवारी वाचायचं ठरलं, आणि त्याच सकाळी फोन आला. चहा करता करता कोसळल्या, गेल्या. आदल्या संध्याकाळी तर मला म्हणाल्या होत्या, "उद्या मला मोठा खडा पाहिजे." माझा विश्वासच बसेना.

यंत्रं रवाना व्हायची होती, म्हणून सोमवारी वाचायला बसलोच. मी मोठ्याने वाचत होतो आणि एका ओळीशी थबकलो. उत्तर येईपर्यंत थांबायचं. किती वेळ, काही मर्यादाच नाही! अहो, कुंदाताईंनी? पुन्हा वाचलं. तेच.

शेजारी बसलेली नेहा हळूच म्हणाली, "मैडम ने कुछ सोचकर ही लिखा होगा, सर."

असेलही. पण विचारायचं कुणाला? खडीसाखरेची डबी रिकाम्या खुर्चीसमोर तशीच होती.

मी लाल पेन उचललं. 'नामंजूर' लिहिलं. मग मला राहवेना. त्या खुर्चीकडे बघून, सगळ्यांदेखत म्हणालो, "ताई, कोड नामंजूर झालंय. तुम्ही नाही."