हातात कवटी घेतलेली मुलं

इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या चर्चमध्ये सतराव्या शतकातल्या एका सरदाराची समाधी आहे. सरदार संगमरवरात निजलेला; खाली त्याची नऊ मुलं गुडघे टेकून बसलेली. पाचांच्या हातात छोटी कवटी. बापाआधी गेलेली मुलं तशी दाखवायची तिथली रीत होती.

"रयतेचीही मुलं मेलीच असतील. त्यांना कुणी कोरलं?" मी सोबतच्या मावशीला तावातावाने म्हणालो.

मावशी ऐकतच नव्हती. शेवटच्या वीतभर बाळावरून ती बोट फिरवत होती. "हे दोन दिवसांचंसुद्धा नसेल रे. तरी मोजणीत धरलं त्यांनी."

मावशीची मुलगी बारशाआधीच, तिसऱ्या दिवशी गेली होती. तिच्या सासरच्या कुलवृत्तांतासाठी माहिती मीच लिहून दिली होती : अपत्य एक, मुलगा. माणसं गाळायला सरदारच लागतो असं नाही. ते माझ्याही अक्षरात झालं होतं.

"मावशी, दुरुस्ती कळवतो मी."

"आणि नाव काय लिहिशील?" ती म्हणाली. "मी तिला हाक मारते एका नावाने. तुझ्या काकांनाही सांगितलेलं नाही."

मग त्या गार चर्चमध्ये तिने ते नाव पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारलं.