हत्ती दिसले आणि दुसरी मोटर लावली

मंडळी, आज दुपारी बायकोसोबत इलेक्ट्रिक बाइकवर कुरखेड्याहून घरी येत होतो. बॅटरी कमी होती, म्हणून दोन्ही चाकांच्या दोन मोटरींपैकी एकच चालू ठेवली होती. वळण घेतलं तर पुढे रस्त्यालगत धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, हत्ती उभे.

"दोन्ही मोटर लावा अन् मागं फिरा," बायको हळूच म्हणाली.

"मग घरापर्यंत बॅटरी पुरत नाई."

"घर कुठी पळून राह्यलं?"

दोन्ही मोटर लावल्या, चढ चढलो आणि मागचं गाव गाठलं. तिथल्या एका अनोळखी बाईंनी बाइक चार्जिंगला लावू दिली, आम्हाला जेवू घातलं. हत्ती जंगलात शिरल्याचं कळल्यावर निघालो.

एकटा असतो तर बॅटरीच्या काळजीनं मी पुढंच गेलो असतो. तुम्ही काय केलं असतं?